मस्टँगची थरथर चाकात होती

जुन्या घेतलेल्या माझ्या मस्टँग जीटीचं स्टिअरिंग ईस्टर्न फ्रीवेवर थरथरायचं. बॅलन्सिंग करूनही फरक पडेना. आधीच्या मालकाने बसवलेलं चाक काढून मोजलं: मधलं भोक ७३.१ मिमी, गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ७०.५. म्हणजे भोक हबवर घट्ट बसतच नव्हतं, चाक मध्यावर धरायची सगळी भिस्त नटांवर. पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५×११४.३ जुळला की झालं, असं दुकानात सांगतात. ते अजिबात पुरेसं नाही.

नवी चाकं निवडताना खरा वेळ ऑफसेटला दिला, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती दूर आहे त्याला. ऑफसेट तोच ठेवून रुंदी एक इंच वाढवली, तर चाक आत १२.७ मिमी आणि बाहेर तेवढंच सरकतं. म्हणून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतली जागा मोजली.

वीस इंची देखणी दिसतात खरी, पण पुढे २५५/४० ऐवजी २५५/३५ टायर लागतो (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या टक्क्यांत), साइडवॉल १३ मिमीने घटते. मुंबईच्या पावसाळी खड्ड्यांत रिम वाकणारच. एकोणीस इंचीच घेतली, ७०.५ भोकाची. थरथर पूर्ण थांबली.