घरात मुलांसोबत वचन पाठ करताना

रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबल वर्गात) घडाघडा म्हटलेलं बायबलचं वचन महिन्याभराने विचारलं, तर बहुतेक मुलं पहिल्या तीन-चार शब्दांवर अडकतात. यात मुलांच्या स्मरणशक्तीचा दोष नसतो. वचन शनिवारी रात्री घोकलेलं असतं आणि रविवारनंतर ते कुणी परत विचारलेलं नसतं. म्हणून घरात पाठांतर सुरू करताना नवं वचन शिकवायला कमी आणि जुन्याच्या उजळणीला जास्त वेळ द्या.

सुरुवातीलाच भाषांतर एकच ठरवा. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेत वाचतात तेच घ्या, म्हणजे मुलाला ते तिथेही ऐकू येतं. एका भाषांतरात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ असतं, दुसऱ्यात ‘उणे’च्या जागी ‘उणीव’ येतं. आजी पुस्तकातून एक म्हणते, आई मोबाइलवरून दुसरं, आणि मूल दोन्हींची खिचडी करतं. ठरलेलं वचन वहीत एकदा मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळ्यांनी तेच म्हणा.

पाठ करण्याआधी अर्थ सांगा. ‘उणे’ हा शब्द मराठी शाळेतल्या मुलाला गणितातून माहीत असतो, इंग्रजी माध्यमातल्याला बहुधा नसतो. ‘मेंढपाळ असल्यावर मेंढीला काय कमी पडेल? चारा? पाणी?’ असं विचारलं की ते वाक्य मुलाचं होतं. ‘सार्वकालिक’, ‘प्रीती’, ‘भाव ठेवणे’ हे शब्दही रोजच्या बोलण्यात नसतात. न कळलेला शब्दच पुढे हमखास गळतो, किंवा त्याच्या जागी जवळचा दुसरा शब्द येऊन बसतो.

वय पाहून लांबी ठरवा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला पाच ते नऊ शब्द पुरतात: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ तेही दोन आठवड्यांत. सहा वर्षांपुढे आठवड्याला एक वचन झेपतं. दर चौथा आठवडा फक्त उजळणीचा ठेवा. म्हणजे वर्षाच्या ५२ आठवड्यांत ३९ नवी वचनं होतात. परीक्षा आणि सुट्ट्या धरल्या तर तीसही भरपूर झाली.

वेळेसाठी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ६:७ (सहावा अध्याय, सातवं वचन) पाहा: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या चार वेळा आजही सोयीच्या आहेत. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटं पुरतात. रात्री एकदम वीस मिनिटं बसवलेलं मूल कंटाळतं आणि त्याला पाठांतराचाच तिटकारा येतो. सोमवारी अर्थ आणि मोठ्याने वाचन, मंगळवार-बुधवार तुकडे जोडणं, गुरुवारी न बघता, शुक्रवारी लिहून, शनिवारी घरातल्या सगळ्यांनी म्हणून दाखवणं. सगळ्यांनी म्हणजे बाबांनीही. मोठे वही बघून वाचतात आणि मुलांना मात्र पाठ विचारतात, असं झालं की मुलांना ती शिक्षा वाटू लागते.

आता योहान ३:१६ घेऊ. यात २९ शब्द आहेत, त्यामुळे पाच तुकडे करा:

देवाने जगावर एवढी प्रीती केली की,
त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला,
अशासाठी की, जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो
त्याचा नाश होऊ नये,
तर त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे.

शेवटचा तुकडा आधी शिकवा. मग चौथा आणि पाचवा मिळून, मग तिसऱ्यापासून, असं मागून पुढे या. नेहमी पहिल्या शब्दापासून सुरू केलं की सुरुवात शंभरदा म्हटली जाते आणि शेवट कच्चा राहतो. मागून शिकलेलं मूल म्हणता म्हणता जास्त ओळखीच्या भागाकडे जातं, त्यामुळे अडखळत नाही.

या वचनात मुलं दोन जागी चुकतात. पहिली ‘अशासाठी की’. बोलताना आपण असं म्हणत नाही, म्हणून ते सरळ गळतं. ‘पुत्र दिला’नंतर थांबा, ‘कशासाठी दिला?’ असं विचारा आणि मुलाला ‘अशासाठी की’ने उत्तर द्यायला लावा. दुसरी जागा ‘त्याच्यावर, त्याचा, त्याला’ ही. ‘त्याच्यावर’ म्हणजे पुत्रावर. पुढचे ‘त्याचा’ आणि ‘त्याला’ हे विश्वास ठेवणाऱ्याचे. हे कळलं नाही, तर मूल तिन्हींची अदलाबदल करतं. ‘त्याच्यावर’ म्हणताना हात वर आणि पुढच्या दोन्हींना हात स्वतःच्या छातीवर, एवढी खूण पुरते.

मराठीत शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ बहुधा टिकतो. ‘आपला एकुलता एक पुत्र त्याने दिला’ असं मूल म्हणालं तर पहिले तीन दिवस टोकू नका. पूर्ण म्हणू द्या, मग तुम्ही एकदा बरोबर म्हणा. मधेच अडवलं की धागा तुटतो आणि मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघत म्हणू लागतं. अडकलं तर मनात पाचपर्यंत मोजा आणि फक्त पुढचा एक शब्द द्या. अख्खी ओळ सांगून टाकली की आठवण्याचे कष्ट तुम्ही घेतले, मुलाने नाही.

संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा म्हणा: ‘योहान तीन सोळा’. नुसता आधी म्हटला तर तो विसरतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ‘एकशे एकोणीस’सारखे आकडे गोंधळात टाकतात. स्तोत्र ११९:१०५ पाठ करताना आकडा लिहून दाखवा.

यादीसारख्या वचनाला बोटांची पेरं वापरा. गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाचे नऊ गुण आहेत. तीन बोटांची पेरंही नऊच. अंगठा एकेका पेरावर ठेवत म्हटलं की राहिलेला गुण लगेच कळतो.

पाटी असेल तर शुक्रवारी वचन तिच्यावर लिहा आणि प्रत्येक वेळी दोन शब्द पुसत सगळ्यांनी म्हणत जा. आधी सोपे शब्द पुसा, अवघड शेवटी.

उजळणीसाठी बुटांचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठा लावून तीन कप्पे करा: रोज, आठवड्याला, महिन्याला. एका कार्डावर पुढे संदर्भ, मागे वचन. नवं कार्ड ‘रोज’मध्ये. सलग सात दिवस न चुकता आलं की पुढच्या कप्प्यात, तिथे चार आठवडे नीट आलं की ‘महिन्याला’मध्ये. चुकलं तर एक कप्पा मागे, न रागावता. खोकं प्रत्येक मुलाचं वेगळं हवं. भावंडांची कार्डं एकत्र ठेवली की मोजणी आणि तुलना सुरू होते आणि धाकट्याचा हुरूप जातो. दर वचनाला चॉकलेट देणंही टाळा. चॉकलेट थांबलं की पाठांतरही थांबतं.

परदेशात वाढणाऱ्या मुलाला देवनागरी वाचता येत नसेल, तर रोमन लिपीत लिहून देऊ नका. तिथे ‘ठ’ आणि ‘थ’ एकच दिसतात आणि चुकीचा उच्चार पक्का होतो. आजी-आजोबांच्या आवाजात वचन सावकाश रेकॉर्ड करून घ्या, दिवसातून तीनदा ऐकवा आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबवून म्हणवून घ्या.

पंचवीसेक सुटी वचनं झाली की सलग उताऱ्याकडे वळा. स्तोत्र २३ मध्ये सहाच वचनं आहेत. दर आठवड्याला एक जोडा, पण रोज पहिल्यापासून म्हणा. सगळं झालं की कुटुंबाने गोल बसावं आणि प्रत्येकाने एकेक वचन म्हणावं. दुसऱ्या रात्री सुरुवात शेजारच्याने करावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं वचन येतं. घरात चार किंवा पाच जण असले तर फेरी पुन्हा पहिल्यावर येते. पहिल्या रात्री लहानग्याची पाळी पहिल्या वचनावर येईल असं बसवा.