लघुग्रह मोजताय? आधी घड्याळ बघा

कोल्हापुरात दुर्बीण घेतली की पहिल्याच महिन्यात लघुग्रह शोधायचा असतो. नाद खुळा! पण पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहाची कक्षा एकट्याच्या शोधातून ठरत नाही. देशोदेशीच्या नोंदी मायनर प्लॅनेट सेंटरकडं (लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं जागतिक केंद्र) जमतात, त्यातून ठरते. त्यात तुमची वेळ चुकली की निस्तरायला दुसऱ्यांची रात्र जाते.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचाच. नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लागते; आपल्या घड्याळातून 5 तास 30 मिनिटं वजा. 14 तारखेला पहाटे 2:10 ला काढलेला फोटो 13 तारखेच्या 20:40 चा. तारीख मागं घ्यायला हमखास विसरतात. शिवाय वेळ शटर उघडल्याची नाही, एक्स्पोजरच्या मध्याची. 30 सेकंदांचा फोटो असेल तर 15 सेकंद मिळवा. पृथ्वीजवळून मिनिटाला 60 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) धावणाऱ्या लघुग्रहात 2 सेकंदांची चूक म्हणजे जागाच 2 आर्कसेकंद चुकली.

"मुख्य पट्ट्यातला (मंगळ-गुरूच्या मधला) एक मोजला, बरोबर आला" हा घड्याळ बरोबर असल्याचा पुरावा मानू नका. तो मिनिटाला जेमतेम अर्धा आर्कसेकंद सरकतो, त्यात 4 सेकंदांची चूक दिसणारच नाही. त्यापेक्षा जीपीएस उपग्रह टिपा: त्याची जागा नेमकी ठाऊक असते आणि तो सेकंदाला 30-40 आर्कसेकंद पळतो, घड्याळाची लबाडी लगेच उघडी पडते. एक्स्पोजर मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाचं ठेवा. आणि पन्हाळ्यावर गेलात तर वेळेसाठी मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, लॅपटॉपला जीपीएस रिसीव्हर जोडा.

दुसरी खोड, नवीन ठिपका दिसला की जाहीर करायची. यात मोठेही फसलेत. नोव्हेंबर 2007 मध्ये पृथ्वीच्या अगदी जवळून जाणारा लघुग्रह म्हणून 2007 व्हीएन84 ची घोषणा झाली. निघालं रोझेटा, युरोपचं धूमकेतूकडं जाणारं यान. जानेवारी 2025 मध्ये 2018 सीएन41 हे नाव मिळालेली वस्तू म्हणजे 2018 साली अवकाशात सोडलेली टेस्ला गाडी! दुसऱ्याच दिवशी नाव रद्द झालं. तेव्हा ज्ञात लघुग्रहांबरोबर उपग्रह आणि यानांचीही यादी ताडून बघा, मगच पाठवा.

फोटो ताऱ्यांवर जुळवले की हॉट पिक्सेलही (कॅमेऱ्यातले उगाच चमकणारे ठिपके) लघुग्रहासारखे सरकतात. डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेला फोटो) वजा करा, ठिपक्याची रुंदी शेजारच्या ताऱ्याएवढी आहे का बघा.

लघुग्रहाची रेघ उमटली तर एक्स्पोजर कमी करा. मिनिटाला 6 आर्कसेकंदांच्या वेगाला 30 सेकंद पुरे. फिकट दिसतोय म्हणून ताणू नका, छोटे फोटो लघुग्रहाच्या वेगानं सरकवून एकावर एक रचा.