याकिनिकू कसं खावं, आणि थंड रेइमेन नेमकं कधी मागवावं

जपानमधल्या याकिनिकूच्या हॉटेलात मांस शिजवून आणून देत नाहीत. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची किंवा गॅसची शेगडी असते, कच्च्या मांसाचे काप ताटलीत येतात आणि भाजायचं काम आपलं असतं. पोट भरत आलं की बरेच जण थंड नूडल्सचा वाडगा मागवतात. त्या नूडल्स म्हणजे रेइमेन. माझं आग्रहाचं सांगणं असं की रेइमेन मांस संपल्यावर नको, शेवटच्या मांसासोबत हवं.

मागवताना

सगळं एकदम मागवू नका. जाळी लहान असते आणि ताटलीत पडून राहिलेल्या मांसाला पाणी सुटतं. सुरुवात मीठ लावलेल्या गाईच्या जिभेपासून करा. तिला तान-शिओ म्हणतात आणि ती लिंबू पिळून खातात. त्यानंतर कारुबी, म्हणजे बरगडीकडचं चरबीदार मांस, आणि हारामी, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचं मांस. आतडी वगैरे, म्हणजे होरुमोन, सर्वांत शेवटी. मिठातलं आधी आणि ‘तारे’तलं नंतर, या क्रमाला कारण आहे. तारे म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण, तीळ यांचं मिश्रण. त्यातली साखर जाळीवर करपते, आणि मग नंतरच्या प्रत्येक कापाला तो कडवटपणा लागतो. जाळी काळी पडली की ‘आमि ओ काएते कुदासाई’ म्हणा, बदलून देतात.

गोमांस न खाणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस, कोंबडी, कोळंबी मिळते. पण जाळी सगळ्यांची एकच असते, आणि रेइमेनचं सूप सहसा गाईच्या हाडांचं असतं. त्यामुळे बसण्याआधीच विचारून घ्या.

भाजताना

जाळी नीट तापू द्या आणि एका वेळी चार-पाचच काप ठेवा. जिभेचा काप पातळ असतो. कडा वळल्या आणि वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसले की उलटा, दुसरी बाजू क्षणभर पुरते. कारुबीची चरबी गळून ज्वाळा उठल्या तर काप कडेला सरकवा. जाळीवर बर्फाचा खडा ठेवला की आगही बसते. होरुमोन सालीच्या बाजूनं बराच वेळ भाजायचं, चरबीची बाजू अगदी थोडा वेळ. डुक्कर आणि कोंबडी मात्र आतपर्यंत शिजलीच पाहिजे.

कच्च्या मांसाला फक्त चिमटा लावा, खायच्या चॉपस्टिक्स कधीच नाही. २०११ साली जपानमध्ये याकिनिकूच्या हॉटेलांत कच्चं गोमांस खाऊन विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. २०१२ पासून तिथं गाईची कच्ची कलेजी खायला द्यायलाच बंदी आहे. ‘एवढ्यानं काय होतंय’ असं इथं म्हणू नये.

रेइमेन

या नूडल्सचं जपानमधलं सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे ईशान्येकडच्या इवाते प्रांतातलं मोरिओका. आज उत्तर कोरियात असलेल्या हामहुंगहून आलेल्या यांग योंग-चोल यांनी तिथं १९५४ साली ‘शोकुदोएन’ हे हॉटेल काढलं आणि आपल्याकडच्या थंड नूडल्स द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला रबर चावल्यासारखं वाटतं म्हणून लोकांनी नाकं मुरडली. आज त्याच चिवटपणासाठी तिथं गर्दी होते. गव्हाचं पीठ आणि बटाट्याचा स्टार्च मळून तो गोळा आपल्या शेवेच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून थेट उकळत्या पाण्यात सोडतात आणि लगेच गार पाण्यात धुतात. म्हणून त्या अर्धपारदर्शक आणि ताणल्या तरी न तुटणाऱ्या होतात.

कारुबीची शेवटची ताटली सांगतानाच रेइमेन सांगा, म्हणजे दोन्ही साधारण एकदम टेबलावर येतील. बऱ्याच ठिकाणी अर्धा वाडगा मिळतो, आणि मांस खाऊन झाल्यावर तेवढा भरपूर होतो. तिखटाचं विचारलं तर ‘बेत्सुकारा’ सांगा. मग किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचं तिखट कोरियन लोणचं, वेगळ्या वाटीत येते.

आधी किमची न घालता दोन घोट सूप प्या. हाडांची गोडी जिभेला कळली की निम्मी किमची तिच्या रसासकट घाला, हवं तर थोडं व्हिनेगर. आता जाळीवरून नुकतीच उतरवलेली कारुबी घ्या, तिच्यात थोड्या नूडल्स गुंडाळा आणि एका घासात खा. गरम चरबी, बर्फगार नूडल्स आणि आंबट-तिखट किमची तोंडात एकत्र येतात. या जेवणातला सर्वांत चांगला घास हाच, आणि मांस संपल्यावर रेइमेन मागवणाऱ्यांना तो मिळतच नाही. नूडल्स चावून तोडायला संकोच करू नका, सुर्रकन ओढायलाही नको.

वाडग्यात कलिंगडाची फोड दिसली तर चकित होऊ नका. उन्हाळ्यात कलिंगड असतं, एरवी नासपती किंवा सफरचंद. तिखट लागलं की मध्येच एक चावा घ्या, शेवटपर्यंत राखून ठेवायची गरज नाही. उरलेली किमची सूपमध्ये ढवळून वाडगा तोंडाला लावला तरी चालतं. बिल सहसा बाहेर पडताना काउंटरवर देतात, टिप ठेवायची पद्धत नाही.