गोळ्या कोणी आणायच्या, आणि लक्षात कोणी ठेवायचं

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ओट्यापाशी चक्कर आली. बीपीच्या गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. गोळ्या आणायचं काम आमच्याकडे नवऱ्याचं आहे आणि तो ते कधी टाळत नाही. पण "संपत आल्यात, आज आण" हे सांगायचं काम माझं होतं आणि मार्चएंडच्या गडबडीत ते माझ्या डोक्यातून निसटलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "तू रात्री नऊला दमून येतेस, तुला आणखी काय सांगायचं?" मुलाला सांगावं हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं. लक्षात ठेवणारी मीच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

आई चार दिवसांत सावरल्या. मला मात्र ती गोष्ट लागून राहिली. मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे. कोणाला काय जमतं ते हेरून कामं कशी वाटायची, आणि दिलेल्या कामाची सुरुवात, पाठपुरावा, शेवट सगळं एकाच माणसाकडे कसं राहील, हे अकरा वर्षं लोकांना शिकवते आहे. आणि भांडुपच्या माझ्या वन बीएचकेत आम्ही पाच जणांनी कामं वाटून घेतली होती, लक्षात ठेवणं कोणी वाटूनच घेतलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय केलं ते लिहिते. तुमच्या घरी माणसं वेगळी असतील, पण क्रम हाच ठेवा.

पहिले आठ दिवस काहीही वाटू नका. एक छोटी वही जवळ ठेवा आणि घराबद्दल जे जे आठवेल ते त्याच क्षणी लिहा. काम केल्यावर लिहायचं नाही, आठवल्यावर लिहायचं. मी गाडीत लिहायचे, कांजूर ते दादर. उडीद भिजत घालायचे. धाकट्याच्या बुटाचा तळ सुटलाय. बाई सोमवारी येणार नाहीत. गॅस बुक करायचा. आत्यांच्या नातवाचं बारसं, आहेर काय द्यायचा. थोरलीच्या प्रोजेक्टला चार्टपेपर. आठ दिवसांत १०४ ओळी झाल्या. रविवारी वही नवऱ्यापुढे ठेवली. त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मध्ये एकदा मागे जाऊन पुन्हा वाचली आणि म्हणाला, "यातल्या निम्म्या गोष्टी घरात आपोआप होतात असं मला वाटत होतं." मी तोंडी हेच दहा वेळा सांगितलं होतं, आणि दर वेळी त्याचं भांडण झालं होतं. वहीचं भांडण झालं नाही. म्हणून ही पायरी गाळू नका. घरातल्या आणखी कोणी अशी वही ठेवली तर फारच उत्तम. आईंनी तोंडी सांगितलं आणि थोरलीने लिहून घेतलं, तेव्हा नात्यातल्या किती जणांची आजारपणं त्या एकट्या लक्षात ठेवतात ते मला कळलं.

मग येतात गुण. डोनाल्ड क्लिफ्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या उणिवांऐवजी त्याला काय चांगलं जमतं याचा अभ्यास केला. त्यातून गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेची जी चाचणी तयार झाली तीत ३४ गुणविशेष आहेत. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ गुणांची यादी मांडली, त्यात धैर्य, कृतज्ञता, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी असे गुण येतात. ऑफिसात मी अशा चाचण्या घेते आणि त्यांचा उपयोग होतो. घरात मात्र त्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांच्या पोराला "तू असा आहेस" असा छापील कागद हातात दिला की तो शिक्का पुसता पुसत नाही. शिवाय आपण या माणसांबरोबर एकाच छपराखाली वर्षानुवर्षं राहतो. फक्त नीट बघायचं असतं. मी प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहिले:

कोणी सांगितल्याशिवाय हा माणूस काय करतो?
दुसऱ्याने केलेलं कोणतं काम याला बघवत नाही?
आपण याला सारखं कशावरून टोकतो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन मिळतात. नवरा कोणाशीही बोलू शकतो. प्लंबर, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेतल्या बाई, कोणाशीही त्याचा आवाज चढत नाही आणि काम होतं. मला फोनच नको वाटतो. तरी हे सगळे फोन वर्षानुवर्षं मीच करत होते, कारण यादी माझ्याकडे होती.

तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. आमची थोरली नववीत आहे. कुठलाही बेत केला की तिचा पहिला शब्द "पण". पण पाऊस पडला तर? पण परतीची गाडी चुकली तर? आम्ही तिला लहानपणापासून नकारघंटा म्हणत आलो, याचं मला आता फार वाईट वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती रात्र मी दादर स्टेशनच्या बाकावर काढली होती. ती गोष्ट ऐकतच ही मुलगी मोठी झाली. पुढचा धोका तिला आधी दिसतो, एवढंच आहे ते. म्हणून आमच्या घरचा पावसाळा आम्ही तिच्याकडे दिला. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. थोरली त्या कालनिर्णयवर निळ्या पेनाने वेळेसकट लिहिते. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि शीव-कुर्ल्याकडे रुळांवर चढतं, हे तिला माझ्याहून नीट माहीत आहे. निळी तारीख असली की आदल्या रात्री ती माझ्या पर्समध्ये पॉवर बँक, सुका खाऊ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे भरते आणि किती वाजता निघायचं ते सांगते. मी ऐकते. ती आता "पण" म्हणाली की आम्ही थांबून विचारतो, पुढे काय?

धाकटा सगळं मोजतो. जिन्याच्या पायऱ्या, मालगाडीचे डबे, ताटातले मोदक. "जेव आता, मोजत काय बसलास" हे माझं रोजचं वाक्य होतं. आजीच्या गोळ्यांचा साठा त्याच्याकडे दिला. गोळ्या काढून देणं अजिबात नाही, हे आधीच सांगते. आई आपल्या गोळ्या स्वतः घेतात, आणि डॉक्टरांनी डोस बदलला तर ते नवरा बघतो. धाकट्याचं काम फक्त मोजायचं. रविवारी पोहे खाऊन झाले की तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आजीच्या पलंगावर बसतो. स्ट्रिप उलटी करतो, चंदेरी कागदावर बोट फिरवत आधी उरलेल्या मोजतो, मग फाटलेले खळगे. दोन्ही मिळून १५ यायलाच हवेत, नाही आले तर पुन्हा पहिल्यापासून. मग कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलने आकडा लिहितो आणि सात गोळ्या उरतील त्या तारखेभोवती गोल करतो. त्या दिवशी फ्रीजवर लाल मॅग्नेट लागतं. लाल मॅग्नेट दिसलं की नवरा त्याच संध्याकाळी गोळ्या आणतो. मध्ये मी कुठेच नाही.

ही युक्ती कारखान्यातली आहे. टोयोटात ताईची ओनो यांनी बसवलेल्या कानबान पद्धतीत सुटे भाग ठरलेल्या पातळीला आले की एक कार्ड मागे पाठवलं जातं आणि तेवढाच माल येतो. कोणी लक्षात ठेवायची गरज उरत नाही, कार्डच सांगतं. वाणसामानालाही हेच करा. तूरडाळ, चहा, साबण यांचं शेवटचं पाकीट रबर बँड लावून मागे ठेवायचं, त्यात नावाची चिठ्ठी. जो ते पाकीट फोडेल त्याने चिठ्ठी फ्रीजवर लावायची. बस्स.

काम देताना पूर्ण द्या. "मदत लागली तर सांग" हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलेलं असलं तरी सांगायचं काम तुमच्याकडेच ठेवतं. ज्याचं काम त्यानेच ते कधी करायचं हे लक्षात ठेवायचं, कसं करायचं तेही त्यानेच ठरवायचं. आणि मग आपण गप्प बसायचं. मला सगळ्यांत अवघड हेच गेलं. सोसायटीचा मेंटेनन्स नवऱ्याकडे गेला त्या दुसऱ्याच महिन्यात तारीख उलटत होती. मला आठवत होतं आणि मी बोलले नाही. विलंबाचं व्याज भरावं लागलं. पुढच्या महिन्यापासून त्याने स्वतःच्या फोनवर पाच तारखेचा गजर लावला, माझ्या फोनवर नाही. पण गप्प बसायला मर्यादा आहे. नुकसान पैशात भरून निघण्यासारखं असेल तिथेच गप्प बसा. औषध, परीक्षेचा फॉर्म, मुलांना शाळेतून आणणं यात कोणी चुकताना दिसलं तर लगेच बोला.

रविवारी चहाच्या वेळी वीस मिनिटं बसतो. आधी प्रत्येकाने दुसऱ्याचं एक काम नेमकं सांगायचं. "छान केलंस" चालत नाही. "मंगळवारी पाणी कमी दाबाने आलं तेव्हा तू न सांगता पिंप आधी भरलंस" असं. मग पुढचा आठवडा. आई सुरुवातीला यायच्या नाहीत, "घराचं ऑफिस नका करू" म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, कारण मी फळा आणला होता आणि मुलांना चांदण्या देत होते. चांदण्या आठव्या दिवशी बंद केल्या. मुलं काम सोडून चांदण्याच मोजायला लागली होती.

कोणाचाच गुण नसतो अशीही कामं असतात. संडास-बाथरूम घासणं, बाई नसतील त्या दिवशीची भांडी. इथे "माझा तो पिंड नाही" ऐकून घेऊ नका. ही पाळीने, आणि पाळी आई सोडून सगळ्यांना.

शेवटचं, काम दुसऱ्याकडे सोपवायची सवय लावा. मुंबईत १८९० पासून डबेवाले डबे पोचवतात. एकच डबा वाटेत कितीतरी हातांतून जातो, पण झाकणावरच्या रंगात, आकड्यांत, अक्षरांत स्टेशन, इमारत, मजला सगळं असतं, त्यामुळे पुढच्याला मागच्याला विचारावं लागत नाही. घरातला कोणी गावाला जाणार असेल तर त्याने तेवढंच नेमकं लिहून ठेवायचं. या मे महिन्यात धाकटा शुक्रवारी मामाकडे गेला, आठ दिवसांसाठी. जाताना फ्रीजवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "पांढऱ्या १९. गुलाबी १२. गुलाबी आधी संपणार. बुधवारी लाल मॅग्नेट लावा. मॅग्नेट फ्रीजच्या बाजूला आहे, वर नाही, कारण आजीचा हात पोचत नाही."

बुधवारी ते आईंनीच लावलं. मी घरी पोचले तेव्हा गोळ्या डब्यात होत्या.