ताळेबंदात न दिसणारी मालमत्ता : उद्यमबागेत शिकलेला धडा

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठीच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी मला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) लेखापरीक्षणासाठी पाठवण्यात आले. भट्टी, यंत्रे, पॅटर्न (साचा घडवण्याचे नमुने) यांची पडताळणी दोन दिवसांत झाली. परंतु त्या कारखान्याचे गिऱ्हाईक ज्या गोष्टीमुळे टिकून होते, ती म्हणजे पंपाच्या बॉडीचे कास्टिंग सच्छिद्र निघू नये म्हणून दीड वर्ष चाचण्या घेऊन बसवलेली गेटिंगची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात नेणाऱ्या वाटांची, पद्धत, मालमत्तेच्या यादीत कोठेच नव्हती. तिचा खर्च मजुरी, वीज आणि कच्चा माल या खात्यांत विरून गेला होता. नवा भागधारक घेण्याची वेळ आली तेव्हा मालकांनी ती रक्कम मालमत्तेत दाखवण्याची विनंती केली आणि आमच्या सरांना नकार द्यावा लागला, कारण मागील वर्षांच्या हिशेबात खर्च म्हणून नोंदवलेली रक्कम पुढे अमूर्त मालमत्तेच्या (भौतिक रूप नसलेल्या मालमत्तेच्या) किमतीत घेता येत नाही, असे तिच्या हिशेबाचा नियम असलेले लेखामानक २६ सांगते. तो नकार मला अजून बोचतो.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी म्हणूनच संशोधन आणि विकास यांतील सीमारेषा आधी समजून घ्यावी. संशोधन म्हणजे नवे ज्ञान मिळवण्यासाठीचा शोध, आणि विकास म्हणजे ते ज्ञान वापरून नवे किंवा सुधारित उत्पादन वा पद्धत उभी करणे. संशोधनाचा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जातो. विकासाचा खर्च मात्र तांत्रिक शक्यता, काम पूर्ण करण्याचा हेतू, वापरण्याची किंवा विकण्याची क्षमता, भावी लाभ, पुरेशी साधने आणि खर्चाचे विश्वसनीय मोजमाप या सहाही अटी पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मालमत्तेत धरता येतो. माझ्या अनुभवात लहान कारखाने अडतात ते शेवटच्या अटीपाशी.

मेस्त्रींचे कसब मोलाचे असले, तरी ते उद्या दुसरीकडे जाऊ शकतात, म्हणजे त्यावर कारखान्याचे नियंत्रण नसते, आणि नियंत्रण नसेल तर ती मालमत्ता ठरत नाही. स्वतः उभा केलेला ब्रँडही ताळेबंदात येत नाही. असे असले तरी संशोधन-विकासावर वर्षभरात खर्ची टाकलेली एकूण रक्कम हिशेबपत्रकांसोबतच्या टिपणांत प्रकट करावीच लागते, आणि हीच ओळ सर्रास राहून जाते.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. तिला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडणारी नोंदणी) महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांना लागू आहे. पण त्याची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे असल्याने अथणी-निपाणीच्या कारागिराला ते स्वतःच्या मालकीची मालमत्ता म्हणून हिशेबात दाखवता येत नाही.

आता कोणत्याही कारखान्यात गेलो की मी यंत्रांच्या यादीआधी चाचण्यांची वही मागतो. त्या फौंड्रीत ती आज मेस्त्री स्वतः लिहितात : तारीख, लागलेले तास, वितळवलेला धातू आणि नापास झालेले नग, मराठीत, मधूनमधून कानडी शब्दांसह.