नवे बूट घालून थेट कॅम्पला जाऊ नकोस

एनसीसीच्या बी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचं तर एक कॅम्प करावाच लागतो, तोही दहा दिवसांचा. माझ्या पहिल्या कॅम्पला मी आदल्या दिवशी आणलेले कोरे बूट घालून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही टाचांची साल निघाली आणि पुढचे तीन दिवस बाकीच्या पोरी ड्रिल करत असताना मी कडेला बसून होते. तसं बसणं तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सांगतेय.

बूट निदान पंधरा दिवस आधी घे. मी दुसऱ्या वर्षी रोज संध्याकाळी लालबागहून शिवाजी पार्कला जायचे आणि बूट घालूनच मैदानाला दोन फेऱ्या मारायचे. लोक बघतात, बघू देत. आत पातळ सुती मोजा, वर जाड लोकरी. मग घर्षण होतं ते दोन मोज्यांत, कातडीवर नाही. मोज्यांचे चार जोड तरी ने. आपल्याकडच्या दमट हवेत धुतलेला मोजा एका रात्रीत वाळत नाही आणि ओल्या मोज्यात फोड हमखास येतो. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, सकाळपर्यंत ओल शोषली जाते.

बेरे कॅप, म्हणजे गणवेशाची मऊ गोल टोपी, घरीच डोक्याला बसवून घे. गरम पाण्यात भिजवायची, पिळायची, ओलीच डोक्यावर घालून उजवीकडे खाली ओढायची, बॅज डाव्या डोळ्यावर. तशीच वाळू दे.

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, चवड्यांमध्ये 30 अंश. विश्राममध्ये पायांत 12 इंच. हे चाळीच्या गॅलरीतही जमतं. खरी कसोटी उन्हात तासभर उभं राहण्याची. गुडघे घट्ट ताणून उभ्या राहिलेल्या मुली चक्कर येऊन पडतात, कारण रक्त पायांत साचतं आणि डोक्याला कमी पोचतं. गुडघे किंचित सैल ठेव आणि बुटाच्या आत बोटं हलवत राहा, बाहेरून कुणाला दिसत नाही. फॉल-इनच्या, म्हणजे रांगेत उभं राहण्याच्या, आधी पाणी पी. सकाळचा नाश्ता तर अजिबात टाळू नकोस, मेसमधला आवडला नाही तरी.

फायरिंगला घाबरू नकोस. पॉइंट टू टू रायफलचा धक्का अगदी हलका असतो. श्वास अर्धा सोडून थांबव आणि ट्रिगर हळूहळू दाब.

एवढं करूनही फोड आलाच तर फोडू नकोस आणि लपवू तर मुळीच नकोस. मी लाजेनं दोन दिवस लपवला, म्हणून तो चिघळला. त्याच संध्याकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, जाऊन पट्टी करून घे.