कीस्टोनचं कॅशिंग लावताय? बॅकएंड_आर्ग्युमेंटच्या नादाला लागू नका

म्हापशात आमचा छोटासा ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, तीन कंट्रोलरचा, म्हणजे कारभार बघणारी तीन मशीन, त्याच्या कीस्टोनवर, म्हणजे लॉगिन आणि परवानग्या बघणाऱ्या भागावर, कॅशिंग (एकदा काढलेलं उत्तर थोडा वेळ साठवणं) लावताना माझे दोन दिवस गेले म्हणून हे लिहितोय.

कीस्टोन.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये कॅश सेक्शनखाली एनेबल्ड ट्रू केलं की झालं असं वाटतं ना, पण बॅकएंड, म्हणजे साठवायची जागा, मुळात डॉगपाइल.कॅश.नल असतो, म्हणजे एरर एकही नाही आणि साठत पण काहीच नाही.

मग माणूस बॅकएंड_आर्ग्युमेंट (बॅकएंडला जास्तीची माहिती द्यायची ओळ) लिहायला बसतो, आधी नाव मग कोलन मग व्हॅल्यू, त्या व्हॅल्यूत पोर्टाआधी परत कोलन, वाचूनच डोकं फिरतं. मेमकॅश, म्हणजे मेमरीत साठवणारा मेमकॅश्ड सर्व्हर, वापरणार असाल तर हे लागतच नाही. बॅकएंडला ओस्लो_कॅश.मेमकॅश_पूल द्या आणि मेमकॅश_सर्व्हर्समध्ये तिन्ही मशीनचे पत्ते स्वल्पविराम देऊन टाका, प्रत्येकापुढे पोर्ट, :११२११. तिन्ही कंट्रोलरवर हीच ओळ, क्रमसुद्धा तोच, कारण कुठली की (साठवलेल्या गोष्टीचं नाव) कुठल्या सर्व्हरवर जाणार ते क्रमावर ठरतं.

मी आपटलो ते इथेच. मेमकॅश_सर्व्हर्समध्ये डिफॉल्ट लोकलहोस्ट, म्हणजे ज्याचं त्याचं मशीन, तसाच ठेवला, त्यामुळे प्रत्येकाची कॅश वेगळी, एका मशीनवरून युजरचा रोल (परवानगी) काढला तरी बाकीच्या दोघांकडे तो चालूच, कारण एक्सपायरेशन_टाइम ६०० सेकंद, तोवर साठवलेलंच उत्तर मिळतं. कालची कडी दुसऱ्या दिवशी पावाबरोबर झकास लागते हो, कालची परवानगी नाही! रोल सेक्शनमध्ये कॅश_टाइम वेगळा देता येतो, मी तो ६० केलाय.

उबुंटूवर मेमकॅश्ड मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं (१२७.०.०.१) ऐकतो, मेमकॅश्ड.कॉन्फमधल्या मायनस एलच्या ओळीत आतल्या नेटवर्कचा आयपी घाला, पब्लिक आयपी चुकूनसुद्धा नको आणि फायरवॉल लावाच, मेमकॅश्ड कुणाला पासवर्ड विचारत बसत नाही.

पावसात आमच्याकडे लाईट जाते, एखादं मशीन पडतं. मेमकॅश_डेड_रिट्राय ३०० आहे, म्हणजे मेलेल्या सर्व्हरला पाच मिनिटं कोणी विचारतच नाही, मशीन उठलं तरी. लगेच घाबरून कॉन्फिग बदलू नका.

डॉगपाइल.कॅश.मेमरी फक्त टेस्टिंगला, प्रत्येक प्रोसेसची वेगळी आणि जुनं साफ होत नाही.

शेवटी कीस्टोन ज्यावर चालतो तो अपाचे वेब सर्व्हर रिस्टार्ट करा आणि डीबग_कॅश_बॅकएंड ट्रू करून लॉग बघा, गेट-सेट (कॅशमधून काढणं-ठेवणं) दिसले की लागलं. मग ते परत फॉल्स करा, नायतर लॉगच डिस्क खातो.